मांगं कोन बसते?

नवी गाडी घ्यायला गेल्यावर तुम्ही मागच्या सीटवर बसून पाहता का?

नाही ना? कोणीच पाहत नाही. यवतमाळला पांढरकवडा रोडवर आमचं शॉकअपचं गॅरेज आहे. हे काम करतात, मी फोन घेते आणि बाकावर बसलेल्यांना चहा देते. काढलेले शॉकअप कोपऱ्यात साचले की भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते माझ्याकडेच राहतात.

बहुतेकांचा प्रश्न एकच. कंपनीची स्पोर्ट सस्पेन्शनवाली गाडी घ्यावी, की साधी घेऊन बाहेरून काम करून घ्यावं? ह्यांचा उलटा प्रश्नही ठरलेला. "मांगं कोन बसते?"

मेश्राम बाई म्हणाल्या, "गुरुजी."

बाई रिटायर नर्स. त्यांचे मिस्टर, गुरुजी, मणक्याच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं गावाबाहेर गेले नव्हते. भाड्याच्या गाडीत एकदा निघाले, ते हिसके सोसेनात म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले. गुरुजींची मोठी बहीण केळापूरला, तिलाही फिरणं होत नाही. दोघं रोज फोनवर बोलायचे, पण "ये" म्हणणं दोघांनीही सोडून दिलं होतं. म्हणून बाई साठीला आल्यावर गाडी शिकल्या. शोरूमवाल्यानं स्पोर्ट सुचवली होती, पोटातलं पाणी हलणार नाही म्हणून.

हे म्हणाले, घाई करू नका, दोन दिवस आमच्या बाकावर बसून पाहा. बाई खरंच बसल्या!

* * *

पहिल्याच दिवशी राजूरचा एक पोरगा आला. स्पोर्ट दिसावी म्हणून त्यानं साध्या गाडीच्या स्प्रिंगा कापून ती खाली बसवली होती. लग्नाला त्याच गाडीतून गेला. सासरच्या गावात पहिल्याच स्पीड ब्रेकरवर गाडीचं पोट टेकलं. आधी करवल्या उतरल्या, मग आत्या, शेवटी नवरदेव. रिकामी गाडी पुढं आणि नवरदेव मागून चालत!

सासऱ्यांनी एवढंच विचारलं म्हणे, "गाडी तं देखणी हाय, पण जावई पायी काहून?"

* * *

दुपारी एक औषधांचे एजंट आले. रोज एकटे नागपूरला पळायचे. साधी गाडी घेऊन तुमच्याकडून काम करून घेतो म्हणाले. ह्यांनी सांगितलं, कंपनीची स्पोर्टच घ्या. स्प्रिंग, शॉकअप, टायर सगळं एकमेकांना जुळवलेलं असतं, हायवेवर गाडी रस्ता धरून राहते, वॉरंटीही शाबूत.

ते गेल्यावर मी रागावले. आलेलं गिऱ्हाईक घालवलं की हो!

"त्याच्या मांगं बॅग बसते," हे म्हणाले.

* * *

एका शेतकरी भाऊंनी शेतात जाता यावं म्हणून स्प्रिंगांत रबरी बफर टाकून गाडी उंच केली होती. आता म्हातारी आई चढू शकेना. डिकीत कायमचा एक लाकडी पाट ठेवलेला. आईला आणलं, पाट मांडला, तिला उतरवलं. ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "बाई, याच्यापरीस आमची बैलबंडी बरी व्हती."

बफर त्याच दिवशी निघाले. पाट आमच्याकडे राहिला, त्यावर आता मी बसते.

* * *

दुसऱ्या दिवशी बाईंनी शोरूमची स्पोर्ट गाडीच चालवून पाहायला बोलावली. ह्यांची परीक्षा ठरलेली आहे. मागच्या माणसाच्या हाती काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास द्यायचा आणि नाक्यापुढच्या उखडलेल्या रस्त्यावरून जाऊन यायचं. ह्यांनी सेल्समनलाच मागं बसवलं.

परत आला तेव्हा पांढरा शर्ट पांढरा राहिला नव्हता. पण माणूस प्रामाणिक. म्हणाला, "मॅडम, मी आजवर मागं बसलोच नव्हतो."

* * *

बाईंनी साधी गाडी घेतली. मऊ शॉकअप बसवायचं ठरलं, पण त्यांच्या मनातली भीती जाईना. बाहेरून काम केलं की वॉरंटी जाते ना?

"शॉकअपची जाईन, बाई," हे म्हणाले. "त्याची मी देतो. मी कुठं जातो?"

काम झालं. बाईंनी गुरुजींना आणून मागं बसवलं, पाठीशी उशी दिली. मी ग्लास भरून हातात दिला. बाई शेजारी बसल्या, हे चालवायला.

पाऊण तासानं गाडी परत आली. ह्यांनी उतरून मागचं दार उघडलं. गुरुजींच्या हातात रिकामा ग्लास! ह्यांचं तोंड उतरलं. वाकून सीट पाहिली, पायाखालचं मॅट चाचपलं. सगळं कोरडं.

"काय शोधता, सुधाकरभाऊ?" गुरुजी म्हणाले. "पेलो ना मी. थंडा होऊन राह्यलता."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती गाडी आमच्या गॅरेजसमोरून केळापूरकडे गेली. बाई चालवत होत्या, गुरुजी पुढं त्यांच्या शेजारी बसले होते आणि मागची सीट रिकामी होती, येताना बहिणीला बसवायला.