मुंबई ते न्यूयॉर्क, सहा तास

मंठ्याहून मुंबई एसटीनं बारा तास आणि मुंबईहून न्यूयॉर्क फक्त सहा, असं मी एके काळी गावभर सांगत फिरायचे. हसू नका. मुलगा तिकडं राहायला गेला तेव्हाच्या तिकिटावर छापलंच होतं: रात्री दोनला उडणार, सकाळी आठला उतरणार. वजाबाकी मला येत होती. सातवी पास बाई, वर पन्नाशीची. शहाणपणाला काय तोटा! "अमेरिका म्हंजे काय, मुंबईच्या निम्मी," असं पिठाच्या गिरणीत सुनावलं की बाया गप्प व्हायच्या.

मग एका उन्हाळ्यात, पहाटे, मुलाचे वडील गेले.

मुलाला फोन लागला. "निघतो, आई," एवढंच म्हणाला. मी लगेच दिराला बजावलं, "भावजी, उचलायचं न्हाई. सहा तासांत मुंबई, तिथनं गाडी करून दिवस मावळायच्या आत पोरगं दारात येतं. बापाचं तोंड बघितल्याबिगर कसं चालंल त्याला?" कुणी शंका घेतली नाही. सहा तास मीच तर सगळ्यांकडून पाठ करून घेतले होते.

बर्फाच्या लाद्या आल्या, वितळल्या, पुन्हा आल्या. मयत उठेपर्यंत आमच्या गल्लीत चूल पेटत नाही. गॅस आले तरी रीत तीच. शेजारच्या खालांना या रीतीचं बंधन नव्हतं, पण त्यांनीही सकाळपासून चहासुद्धा टाकला नव्हता. साखरेचा आजार, तरी माझ्याजवळून हलल्या नाहीत.

तीनच्या सुमाराला मुलाचा फोन आला. भावजींनी सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"आई, विमानतळावर बसलोय. पहिलंच मिळालंय ते पाच तासांनी उडंल. मंग पुढं पंधरा तास."

"पंधरा कुठले? जाताना तर सहा लागल्ते तुला!"

"आई, उतरायची वेळ इथल्या घड्याळाची होती. साडेबारा हजार किलोमीटर आहे गं."

दारापुढं सावलीला घातलेल्या मांडवात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

"आपा, बच्चे को आने दो. मैं बैठी हूँ ना," खाला म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या हातात होता. घामानं गार, थरथरणारा. समोर कुणाचं तरी लेकरू भुकेनं रडून रडून झोपलं होतं.

मी म्हणाले, "भावजी, उचला."

अग्नी दिरानं दिला. मुलगा मुंबईहून गाडी करून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला. रिकाम्या खाटेकडं बघत म्हणाला, "एक रात थांबवलं न्हाई तुला?"

"खाला उपाशी होत्या रे."

खालांनीच भाकरी आणून त्याच्यापुढं ठेवली. जेवला. माझ्याशी मात्र तेराव्यापर्यंत कामापुरतंच बोलला.

परत निघाला तेव्हा तास मोजायची माझी जुनी खोड जिभेवर आली होती: किती वाजता पोचशील? विचारलं नाही.