मोरचुदाचा खडा आणि व्याह्यांचा जवळा

आमच्या घरातला एक मासा मी उपाशी मारला. ही गोष्ट सात वर्षं मी टाळत आलो. ज्यांना ती सगळ्यात आधी सांगायला हवी होती, ते कारवारचे माझे व्याही गेल्या पावसाळ्यात वारले. म्हणून आता सगळ्यांनाच सांगतो. (माझं धाडस हे असं.)

घाटावरच्या आमच्या कुंभारवाडा गावाच्या जंगलात समुद्र कसा आला, ते आधी सांगायला हवं. माझी सून शर्मिला कारवारची. तिचे वडील मासेमारीच्या लाँचवर तांडेल, म्हणजे कप्तान, होते. चाळीस वर्षं समुद्रात काढलेला माणूस. पाण्याचा थेंब जिभेला लावून कुठल्या खडकाजवळचं ते सांगायचा. लग्नानंतर शर्मिलेला इथं झोप येईना. लाटांचा आवाज नाही म्हणे! शेवटी मुलानं बैठकीत काचेची मोठी टाकी बसवली आणि व्याही दर पंधरा दिवसांनी बसमधून समुद्राच्या पाण्याचे कॅन पाठवू लागले. अणशी घाट चढून समुद्र आमच्या फाट्यावर उतरायचा आणि कंडक्टर हाक मारायचा, “काका, तुमचा समुद्र घ्या उतरवून.”

टाकीत चार-पाच मासे आणि एक तांबडी कोळंबी होती. पण राणी एकच. बोटभर लांब, निळी, अंगावर केशरी नक्षी. आमची ही बघताक्षणी म्हणाली, “इरकल नेसल्यागत दिसतीय की.” तेव्हापासून तिचं नाव इरकली. दिवसभर ती दगडांवर टोचा मारत फिरायची. काय टिपते ते मी कधी विचारलं नाही.

त्या जूनमध्ये शर्मिला मावसबहिणीच्या लग्नाला चार दिवस गेली. जाताना म्हणाली, “मामा, कॅन आला तर तेवढं पाणी ओता. बाकी टाकीत काही घालू नका. हातसुद्धा लावू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा पुसून टाकीजवळ बसलो आणि अंगावर काटाच आला. काचेवर आतून पांढरे, मोहरीहून बारीक किडे सरपटत होते. शेकड्यांनी!

“अगं ए, माशांना उवा झाल्यात.”

“माशांस्नी केस कुठं हाईत?” स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

आता हे समजून घ्या की ते दिवस सुपारीला औषध मारायचे होते. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर घरोघरी मोरचूद आणि चुना कालवून सुपारीवर फवारतात, नाहीतर कोळेरोगानं बाग गळून पडते. तीस वर्षं मी ते मिश्रण करतोय. मोरचुदापुढं टिकेल असा रोग नाही न् कीड नाही, हे माझं ठाम मत. पडवीत निळ्या खड्यांचा डबा उघडाच होता. तुरीच्या डाळीएवढा एक खडा उचलला.

“सुनंनं हात लावू नगा म्हटलंय,” ही दारात येऊन उभी राहिली.

“हात कुठं लावतोय? वरनं टाकतोय.”

तिसऱ्या दिवशी काच लख्ख. एक किडा नाही. मासे मजेत. मी मिशीवर हात फिरवतोय तोच तळाशी तांबडी कोळंबी आडवी दिसली, पाय वर करून. तिला मी कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं. वय झालं असेल, अशी स्वतःची समजूत घातली.

शर्मिला परतली. पिशवी खाली ठेवायच्या आधी टाकीपाशी गेली.

“मामा, यातले कोपेपॉड कुठं गेले?”

“कोण?”

“ते पांढरे बारीक जीव हो. कोळंबीच्या जातीतले. इरकली दुसरं काही खात नाही. गोळ्या दिल्या तर थुंकून टाकते. सहा महिने वाढवले होते मी ते.”

मी खाली बसलो. मी उवा मारल्या नव्हत्या. मी इरकलीचं भाताचं कणगं पेटवलं होतं. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात शर्मिला म्हणाली, “परवा आलेल्या कॅनचं पाणी तुम्ही घातलंत ना? बाबांनीच काहीतरी गडबड केली असणार.” आणि माझं तोंड आपोआप मिटलं.

तिनं फोन लावला. “बाबा, पाणी बंदरातलं भरलंत का? डिझेल होतं त्यात.”

पलीकडून आवाज आला, “अगो, मी लाँच घेऊन बाहेर जातो. चाखून भरतो.”

“मग चव गेलीय तुमची.”

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा होतो. (एकादशी सोमवारी होती.)

दुसऱ्याच दिवशी पहिल्या बसनं व्याही स्वतः आले. दोन कॅन नवं पाणी आणि बायकोच्या जुन्या नायलॉनच्या साडीनं गाळून आणलेले बरणीभर जिवंत किडे. टाकीत सोडले. दोन दिवसांत तेही मेले. दगडांत मुरलेला मोरचूद कुठं जाणार! व्याही टाकीतलं पाणी पुनःपुन्हा जिभेला लावून बघत होते. “चवीला तर बरं लागतंय,” असं हळूच म्हणाले.

“सांगा की आता,” ही माझ्या कानाशी लागली.

“उद्या सांगतो.”

इरकलीचं पोट खपाटीला गेलं, पाठीचा काटा दिसू लागला. बाराव्या दिवशी ती गेली. शर्मिलेनं टाकी रिकामी केली, नवे दगड मांडले, बेळगावहून समुद्री मिठाची पाकिटं मागवून पाणी घरीच कालवलं. त्यात सगळं उत्तम जगलं. झालं, पुरावा पक्का! व्याह्यांचा समुद्र आमच्या घरात परत कधी उतरला नाही. फाट्यावर बस थांबली की कंडक्टर नुसताच बघायचा.

त्याऐवजी दर वर्षी सुका जवळा येऊ लागला. पाच किलो, निवडून, वाळू झाडून. सोबत निरोप: ‘झाल्या चुकीबद्दल.’ पानावर बसलो की ही विचारायची, “जवळा वाढू की मोरचूद?”

गेल्या वैशाखात ते आजारी पडल्याचं कळलं, तेव्हा एकटाच कारवारला गेलो. घाटभर वाक्य घोकलं: व्याही, चूक माझी होती. ते खाटेवर उठून बसले. मी घसा साफ केला. तेवढ्यात त्यांनीच माझे दोन्ही हात धरले.

“व्याही, त्या माशाचं मनात ठेवू नका. चव गेली हो माझी. पोरीचं सुख घालवलं मी. मला माफ करा.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. बाहेर पडलं ते भलतंच.

“असू दे व्याही,” मी म्हणालो, “माणसाच्या हातून चूक होते. मी कधीच माफ केलंय तुम्हाला.”

आणि जेवून, निघताना दिलेली जवळ्याची पिशवी घेऊन, चारच्या बसनं परत आलो.