जाते म्हण!

पंचवटीतल्या आमच्या गल्लीत एक रिक्षावाले राहायचे. देवाने त्यांना जिभेऐवजी कानस दिली होती. माझ्या मुलीला बाराव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला, तेव्हा नातेवाईक धीर द्यायला आले. कुणी गव्हांकुराचा रस आणला, कुणी वणीचा अंगारा, आणि सल्ला तर प्रत्येकानेच. रिक्षावाल्यांनी काहीच आणलं नाही. केमोच्या दिवशी सकाळी दारात हॉर्न वाजवून ओरडायचे, "आवरा वहिनी, आपल्याला थांबायला टाइम नाय!"

उपचार संपले त्या दिवशी पोर सिस्टरला "येते हं" म्हणाली. निघताना 'जाते' म्हणू नये, हे आम्हीच लावलेलं वळण. दोन वर्षांनी आजार उलटला. डॉक्टरांना कारण सांगता येईना. रिक्षावाल्यांकडे ते तयार होतं.

"येते म्हणायला कुणी सांगितलं होतं? दवाखाना काय मामाचं घर हाय?"

मला संताप आला. पोर मात्र महिनाभरात पहिल्यांदा हसली.

दुसऱ्यांदा उपचार संपले, तेव्हा हे महाशय थेट वॉर्डात घुसले.

"म्हण, जाते."

"जाते."

"मोठ्यानं!"

ती अशी ओरडली की सिस्टरच्या हातातला ट्रे हलला.

घरी सोडून ते निघाले. "येतो," म्हणाले. पोरगी नुकतीच शिकून तयार झालेली. पायरीवरून ओरडली, "जा, काका!"

कचकन ब्रेक लागला.

"गधडे, घरी 'या' म्हणायचं असतं!"

ती 'या' म्हणेपर्यंत त्या घाईच्या माणसाने रिक्षा हलवली नाही.