सुरतेतली संगमरवरी कबर

"मावशी, मी इतिहास सोडतेय," असं तेजलनं फोनवर सांगितलं आणि मी सुरतेचं तिकीट काढलं.

तेजल माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, बीएच्या दुसऱ्या वर्षाला. तिनं सुरतेतल्या जुन्या इंग्रज कबरस्तानावर प्रकल्प केला आणि 'मोठी कबर विटांची, वरून चुन्याचा गिलावा' असं लिहिलं. सरांनी लाल शाईनं विटा खोडल्या, वर 'संगमरवर' लिहिलं. सोमवारी सुधारून आणा, नाहीतर गुण विसरा. कारण काय, तर बाकी सगळ्यांनी संगमरवर लिहिलंय. अख्खा वर्ग चुकेल का? मी नोकरीतून निवृत्त झालेय, संतापण्यातून नाही.

जळगावहून जाणाऱ्यांनी दिवसाची गाडी धरावी. नवापूरपर्यंत डबा आपलाच असतो, भाकरी-ठेच्याच्या वासाचा. मग चहावाल्याची हाक गुजराती होते. बहिणीसारखं कुणाचं घर पांडेसऱ्याला असेल तर सुरतेपर्यंत जाऊ नका, उधन्याला उतरा. रिक्षावाला सांगेल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा. मी केली, तो हसत कबूल झाला. म्हणजे निम्मेही जास्तच होते.

बहिणीचे यजमान डाइंग मिलमध्ये आहेत. घरात शिरते तोच म्हणाले, "ताई, इतिहास शिकून काय होतं? हिशेबाचं टॅली केलं तर कापड मार्केटात लगेच चिकटेल. पुढच्या रविवारपासून क्लास आहे, नाव घातलंय मी."

"तुमच्या मिलमध्ये कापड न बघता रंग पास करतात का हो?"

"केला तर शेठ दुसऱ्या दिवशी मला घरी बसवेल."

"मग ही पोरगी कबर बघून आली, हाच तिचा गुन्हा ना?"

"आक्का, पहिले जेवी ले, मंग भांड," बहीण ताट ठेवत म्हणाली. भरीत इतकं फक्कड होतं की भांडण तिथंच थांबलं.

रात्री मी जाहीर केलं, सोमवारी मी स्वतः सरांची हजेरी घेणार. तेजल शांतपणे म्हणाली, "मावशी, तू तरी कबर कुठे बघितलीस? मी तुझी भाची, म्हणून तुला विटा पटल्या. सरांना वर्ग पटला. तुमच्यात फरक काय?"

आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या नन्सनी असल्या उत्तराला बाकावर उभं केलं असतं. त्याच नन्सनी आमच्याकडून इंग्लंडचे सगळे राजे पाठ करून घेतले होते. त्या राजांच्या व्यापाऱ्यांनी सुरतेत दुकान मांडलं होतं, हे मात्र एकीनंही सांगितलं नाही.

रविवारी आधी कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. वर्गाचं संगमरवर तिथूनच आलं, असं तेजल म्हणाली.

"आंटी, कौन-सी फाइल? डचवाली या अंग्रेजवाली? अंग्रेजवाली ज्यादा चलती है."

"इसमें कबर संगमरवर की लिखी है. आपने देखी है?"

"मैं क्यों जाऊँ कबरस्तान में? अभी तो जिंदा हूँ!"

इतिहासाचा एवढा खप होतोय, हे तरी कळलं.

कतारगाम दरवाजाजवळच्या कबरस्तानात आम्हाला कोणी तिकीट मागितलं नाही. पाणी घेऊन जा, आत काही मिळत नाही. कबरी म्हणजे नबाबांच्या मकबऱ्यांसारखे घुमट. डचांपेक्षा आपली कबर मोठी हवी म्हणून हे व्यापारी मेल्यावरही त्यांच्याशी ईर्ष्या करत होते, असं तेजल म्हणाली. मोठ्या कबरीचा गिलावा जागोजाग सुटलेला, आणि खाली विटा. लाल, सरळ, निर्लज्ज विटा. मी विजयी मुद्रेनं विटांशेजारी उभी राहून फोटो काढून घेतले, माझ्याच फोनवर.

तेजल मात्र आतून ओरडली, "मावशी, इकडे ये!" आत भिंतीत लेखाची एक पांढरी शिळा बसवलेली होती. तिनं हात फिरवला. "हाच तो संगमरवर! कुणीतरी लिहिलं असणार, शिळा संगमरवराची. पुढच्यानं शिळा गाळली आणि पुढे सगळी कबर संगमरवराची झाली." सरांना खोटं पाडायला आलेली मी, ही पोरगी चूक कुठून जन्मली ते शोधून नाचत होती. मी शिळेपुढेही माझे फोटो काढून घेतले. बाहेर आल्यावर पोंक घेतला, म्हणजे आपला हुरडा, शेव आणि लिंबू घालून. नक्की खा.

सोमवारी मी कॉलेजात गेले नाही. तेजलनं विटा कायम ठेवल्या आणि शिळेवर एक पान वाढवून दिलं. मी दुपारी परतीची गाडी धरली.

घरी येऊन चार दिवस झाले आणि तिचा फोन आला. सरांनी लाल शाईनं खोडलेल्या विटा स्वतःच पुन्हा घातल्या. मात्र शिळेच्या पानावर लिहिलं, 'ती संगमरवराचीच, हे कशावरून?'

"मावशी, पहिल्यांदा नीट प्रश्न विचारला त्यांनी! शिळेचा जवळून काढलेला फोटो पाठव."

मी सगळे फोटो चाळले. शिळेच्या प्रत्येक फोटोत पुढे मीच उभी. शिळेचा एक कोपरा माझ्या खांद्यामागून डोकावत होता, तोही हललेला.

म्हणून ती पुन्हा गेली, पुढच्याच रविवारी. टॅलीच्या क्लासचा पहिला दिवसही तोच होता. कबरस्तानापर्यंत तिला मोटारसायकलवरून तिच्या वडिलांनीच सोडलं. बहीण सांगते, तेही आत गेले आणि गिलाव्यावर नख घासून बघत बसले.