न तुटलेलं सूत

नाचणगावच्या शाळेत मास्तर होतो, तेव्हाची गोष्ट. जिल्ह्यात दारूबंदी होती, तरी हातभट्टीची मिळायचीच. ती सोडू पाहणारे आम्ही सहा-सात जण दर शनिवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात जमायचो. एकाने आपली हकिकत सांगायची, बाकीच्यांनी टकळीवर सूत काढत ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही, हा आमचा रिवाज. शेवटी गूळ-शेंगदाणे. कापसाच्या पेळूचा तो मऊपणा, फरशीवर फिरणाऱ्या टकळ्यांचा आवाज अजून आठवतो. आणि त्यामागोमाग माझी लाजही.

ज्याचं सूत तुटतं तो प्यालेला, असा माझा पक्का समज होता. पिऊन झोपलो की सकाळी माझे हात थरथरायचे, म्हणजे सगळ्यांचं तसंच असणार.

एका शनिवारी, गिरणीत माग चालवणाऱ्या एका विणकराचं सूत चारदा तुटलं. रिवाज मोडून मी सगळ्यांदेखत विचारलं, "काय दादा, कालच का?"

"मागावर तं चालते हात," त्याच्या पलीकडे बसलेला एकजण हसला, "टकळीवर काऊन अडून राह्यला गा?"

विणकराने टकळी खाली ठेवली. "अकरा दिवस झाले, थेंब नाई घेतला. सोडली तवापासूनच थरथरून राह्यले हात." गूळ न घेताच तो गेला.

दोन शनिवार तो आला नाही. एकटा पडून तो पुन्हा भट्टीकडे वळला असता, तर पाप माझं होतं. खरं तर त्या दिवशी प्यालो होतो मीच, सकाळची शाळा सुटल्यावर. आणि त्या घोटानेच हात स्थिरावून माझं सूत केसासारखं बारीक, अखंड निघालं होतं.

तिसऱ्या शनिवारी त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर टकळी घेऊनच बसला होता.

"दादा, त्या दिवशी मी..."

"मले मालूम हाय, गुरुजी. बाजूलेच बसलो होतो, वास आला ना."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"तुमी मास्तर मानूस. चारचौघात बोललो असतो, तं परत आले असते काय तुमी?"

दुपारी आम्ही दोघे बरोबरच व्हरांड्यात गेलो आणि हकिकत सांगायला मी बसलो. सांगत असताना त्याचं सूत दोनदा तुटलं. मान वर न करता त्याने ते जोडून घेतलं.