दीड फूट मागे

आमच्या घरमालकांइतका यंत्रांवर विश्वास आणि माणसांवर अविश्वास असलेला गृहस्थ अख्ख्या चेन्नईत सापडणार नाही. मी नाशिकहून नोकरीसाठी इथे आलो आणि वेस्ट मांबलममध्ये त्यांच्या वरच्या मजल्यावरची जागा बघायला गेलो, तेव्हा लग्न झालंय का, अंडी खातोस का, असलं काहीही त्यांनी विचारलं नाही. "कार्बोरेटर उघडलास का कधी?" एवढंच विचारलं. मी इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे सेन्सर बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे. कार्बोरेटर फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिलेला. तसं सांगितल्यावर त्यांनी "सरि" म्हणून किल्ली हातात ठेवली. त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणतो आणि ते मला 'इंजिनियर' म्हणतात, पण अशा सुरात की ऐकणाऱ्याला माझी दया यावी.

त्यांचं घराणं मूळचं तंजावरचं मराठी. पूर्वजांनी येताना जी मराठी आणली ती खरी, मागे महाराष्ट्रात उरली ती बिघडली, असं त्यांचं ठाम मत आहे. मी 'उद्या' म्हटलं की ते 'उदईक' अशी दुरुस्ती करतात आणि त्याच वाक्यात चार तमिळ शब्द बिनदिक्कत घालतात. मात्र त्यांची खरी मातृभाषा म्हणजे इंजिनाची. जिन्याखाली त्यांच्या वडिलांनी घेतलेली काळी, गोल दिव्यांची मोटार उभी असे. तिच्या चार सिलिंडरना ठिणगी मिळायचा क्रम एक, तीन, चार, दोन. हा क्रम त्यांच्या इतका अंगात मुरलेला की चार नातवंडं सुट्टीत आली की चकलीसारखे मुरुक्कूसुद्धा त्याच क्रमानं वाटायचे, आणि दुसऱ्या नंबरची नात दर सुट्टीत रडायची. सुटे केलेले स्क्रू ठेवायला त्यांनी मामींचं, म्हणजे आपल्या बायकोचं, इडलीपात्र बळकावलं होतं. एकदा मामींनी ते चुकून खरंच इडल्यांना वापरलं, आणि पाहुण्याच्या दाताखाली वॉशर आला. मामी लाजेनं अर्ध्या झाल्या. हे मात्र पाहुण्याच्या हातातून वॉशर घेत आनंदानं म्हणाले, "ऐयो, दोन महिने हाच शोधत होतों!"

यंत्राच्या खालोखाल त्यांचा विश्वास राहूकाळावर. शनिवारी सकाळी नऊ ते साडेदहा म्हणजे नऊ ते साडेदहा. त्या दीड तासात ते नवीन काम सुरू करत नाहीत, आणि अर्धवट कामाला हातही लावत नाहीत.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली. तांबरमच्या एका तरुण प्राध्यापकाला गाडी द्यायचं ठरलं. अट एकच, ती क्रेनला लटकून जाणार नाही, आपल्या इंजिनावर फाटकाबाहेर पडेल. रविवारी दहा वाजता तो यायचा होता. गाडी उत्तम चालत होती, कुणी काही मागितलं नव्हतं; पण परक्याच्या हाती द्यायची तर आतून स्वच्छ करून द्यावी म्हणून शनिवारी पहाटेच त्यांनी डिस्ट्रिब्युटर बाहेर काढला. डिस्ट्रिब्युटर म्हणजे सिलिंडरच्या पंगतीतला वाढपी, ज्याची पाळी त्यालाच ठिणगी वाढणारा. तो परत बसवताना पहिल्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वर हवा. गंमत अशी की पिस्टन दोनदा वर येतो, एकदा पेट्रोलची हवा दाबत आणि एकदा नुसता धूर बाहेर ढकलत, आणि पुलीवरची खूण दोन्ही वेळा सारखीच जुळते. फरक कळतो तो फक्त प्लगच्या भोकावर ठेवलेल्या अंगठ्याला. दाबाची फेरी असेल तर अंगठा उडतो. हे सगळं त्यांनी मला वर्षभरात शंभरदा सांगितलं होतं आणि मी शंभरदा मान डोलावली होती.

त्या दिवशी त्यांनी प्लग काढले, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून ढकलत अंगठ्यानं फेरी ओळखली, खूण जुळवली, चाकामागे वीट लावली. डिस्ट्रिब्युटर हातात घेतला आणि नऊ वाजले. तो इडलीपात्राशेजारी ठेवून ते वर गेले. माझी शनिवारची पाळी होती आणि माझी मोटारसायकल गाडीआड अडकलेली. मी वीट काढली, गाडी दीड फूट मागे ढकलली, मोटारसायकल काढली आणि वीट पुन्हा नीट लावली. वीट परत लावल्याचं मला कौतुकही वाटलं.

संध्याकाळी परत आलो तर जिन्याखाली अर्धी इमारत जमलेली. गाडी सुरू होईना; चावी फिरवली की कार्बोरेटरमधून फटाक्यासारखा बार निघे. काकांनी वायरी तपासल्या, पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त तमिळ मास्तरांनी पेट्रोलवर संशय घेतला. मी कोपऱ्यात उभा राहून हिशेब केला. टॉप गिअरमध्ये दीड फूट म्हणजे इंजिनाची जवळपास एक पूर्ण फेरी. साडेदहाला त्यांना खूण जराशीच सरकलेली दिसली असणार, त्यांनी ती जुळवली असणार आणि सकाळीच ठेवलेला अंगठा परत ठेवला नसणार. वाढपी पंगतीच्या उलट्या टोकाला उभा होता, आणि त्याला तिथे मी नेलं होतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण 'इंजिनियर' हे आणखी कोणत्या सुरात ऐकावं लागेल या भीतीनं मी गप्प राहिलो. तेवढ्यात ते मामींना हळूच म्हणाले, "चाळीस वर्षं हेच केलों. अत्तां हात विसरला. काल चष्मा विसरलों, आज हे. उदईक तुझं नाव विसरेन." मामी हसल्या नाहीत. त्यांनी इडलीपात्र उचललं. रात्रभर मला स्वतःची लाज वाटत राहिली.

सकाळी सातला मी खाली जाऊन सगळं सांगून टाकलं. वाटलं, जागा सोडायला सांगतील. ते तडक जिन्यात जाऊन एवढ्यानं ओरडले की मास्तर टॉवेलवर बाहेर आले. "अगे, मी चुकलों नाही! हा गाढव ढकलला! मी चुकलों नाही!" वरून मामींचं हसणं आणि रडणं एकदमच ऐकू आलं. मग त्यांनी पहिला प्लग काढला, माझा हात धरला आणि माझा अंगठा भोकावर दाबला. गाडी ढकलली. आधी काहीच नाही. आणखी एक फेरी, आणि आतल्या हवेनं अंगठा असा उडवला की मी दचकलो. "कळाली का, इंजिनियर?" ते म्हणाले. या खेपेला सूर निराळा होता.

डिस्ट्रिब्युटर काढून त्या फेरीवर पुन्हा बसवला, आणि पहिल्या चावीला इंजिन लागलं. दहाला प्राध्यापक आला, साडेदहाला मोटार आपल्या पायांनी फाटकाबाहेर गेली. काका वळून थेट वर गेले.

नोव्हेंबरात पाऊस लागला तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी मला खिडकीशी बोलावलं. "पावसात डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात ओल धरते, बाबा. कोरड्या फडक्यानं पुसायला पाहिजे. त्या प्राध्यापकाला हे सांगायचं विसरलों. फोन कर." मी गॅलरीत जाऊन फोन केला. प्राध्यापक भला माणूस. गाडी झकास चालते म्हणाला. डिस्ट्रिब्युटरचं ते जुनं डबडं काढून टाकून त्यानं नवीन इलेक्ट्रॉनिक बसवून घेतलं होतं, मेकॅनिकनं अर्ध्या तासात काम उरकलं.

मी आत आलो. "काय म्हणाला?"

"पाऊस पडला की पुसतो म्हणाला. तुम्ही सांगायच्या आधीपासून."

"आणि बसवताना अंगठा?"

"ठेवतो. दोनदा ठेवतो म्हणाला."

"मग बरी आहे ती तिथं," ते म्हणाले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. मला फार वाईट वाटलं. खोटं बोलल्याचं मात्र मुळीच वाटलं नाही.