आप्पांचा डबा

एका शब्दावर अख्खं आयुष्य ओवाळून टाकलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो शब्द 'डबा' होता. हे गृहस्थ म्हणजे माझ्या रूमपार्टनरचे वडील. तलवाड्यात त्यांचं किराणा दुकान होतं आणि सगळा गाव त्यांना आप्पा म्हणायचा. गिऱ्हाईक गोडेतेलाला आलं की आप्पा आधी विचारणार, "डबा ह्यो शब्द कुठनं आला, ठावं हाय का?" गिऱ्हाईक बापडं बाटली पुढे करून ताटकळत उभं. मशिदीतल्या मौलवींनी त्यांना तो शब्द उर्दूतला म्हणून सांगितला होता, शाळेतल्या गुरुजींनी संस्कृतातला, आणि पत्र्याच्या डब्यांना डाग देणारा कारागीर म्हणाला होता, रिकाम्यावर टिचकी मारा, तो स्वतःच आपलं नाव सांगतो. आप्पांना मनातून कारागिराचं पटलेलं. पण कुणाला वाईट वाटू नये म्हणून ते तिघांनाही "बरोबर हाय" म्हणत. भर दुपारी रिकाम्या डब्यांवर टिचक्या मारत, कान लावून बसलेले आप्पा मी या डोळ्यांनी पाहिले आहेत.

अर्थ गोळा करायचा तर त्यांना नादच होता. तेलाचा डबा, परसाकडे न्यायचा डबा, पोरांच्या खेळातला डबा ऐसपैस, पडलेला सिनेमा जातो तो डबा, आणि गावोगावी केबल आल्यापासून ज्याच्यापुढे माणसं जेवण विसरून बसू लागली तोही डबाच. रेल्वेच्या डब्याला मात्र ते यादीत शेवटची जागा देत. म्हणत, "आपल्याकडं रूळच न्हाईत. त्यो अर्थ परळीवाल्यांचा." त्यांचं सगळ्यात आवडतं कोडं वेगळंच होतं. "डबा खाल्ला म्हंतो आपण. पत्रा कुनी खातंय का? घागर प्यालो, टोपली खाल्ली, असं कुनी म्हनत न्हाई. मग डब्यालाच ह्यो मान कावून?" यावर मी काही बोलायच्या आत तेच सांगत, "घागर आपली आपण भरतो. डबा दुसरं कुनीतरी भरून देतंय."

त्यांचा मुलगा आणि मी बीडला कॉलेजात होतो. आमच्या भागात शिकणाऱ्या पोरांचे डबे गावाहून एसटीनं येत. सकाळी आई डबा बांधायची, बाप तो गाडीत ड्रायव्हरशेजारी ठेवायचा, आणि झाकणावर रंगवलेलं नाव बघून आपण तो स्टँडवर उतरवून घ्यायचा. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत. आप्पांच्या डब्यात भाकरीच्या फडक्याखाली रोज एक चिठ्ठी असे आणि तिच्यात डब्याचा नवा अर्थ. मुलगा ती न वाचताच तिला हात पुसायचा. उत्तर देणं दूरच, खरकटा डबा तो तसाच परत पाठवायचा. मला त्याचा राग यायचा, पण बोलायची छाती नव्हती, कारण अर्धी भाकरी मीच खात होतो.

तो पहिल्या वर्षाला नापास झाला. त्या दिवसांत पुण्याकडे नव्या नव्या कंपन्या निघत होत्या आणि आमच्याकडची पोरं पिशवी उचलून जात होती. तोही गेला. जाताना म्हणाला, "घरी कळू देऊ नको बे. मी सांगतो सवडीनं."

डबा मात्र येतच राहिला. पहिल्या दिवशी मी तो उतरवून घेतला तो नाइलाजानं, दुसऱ्या दिवशी भुकेनं, आणि पुढे लाज वाटेनाशी झाली म्हणून. आमच्या आईची शिकवण अशी की दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. म्हणून मी डबा लख्ख घासायचो, त्यात मूठभर फुटाणे टाकायचो आणि आप्पांच्या अर्थाला उत्तर म्हणून एक अर्थ लिहून ठेवायचो. आप्पांच्या चिठ्ठ्या लांबत गेल्या. एकदा खाली लिहिलं होतं, 'तुजी आय इचारती, मीठ बराबर हाय का.' मी लिहिलं, 'बरोबर आहे, आई.' हे लिहिताना आपण काय करतो आहोत ते मला नीट कळत होतं.

एके दिवशी गाडीतून डबा हातात घेऊन आप्पाच उतरले. माल भरायला आले होते. मुलगा कुठे आहे, हे त्यांनी विचारलंच नाही. "जेवन पुरतं का तुला?" एवढंच म्हणाले. मी सगळं कबूल केलं.

"मला पहिल्याच दिवशी कळलं हुतं," आप्पा म्हणाले. "माजं पोरगं डबा धुऊन देतंय व्हय? फुटानं तर लांबच."

"मग पाठवत का राहिलात आप्पा?"

ते स्टँडच्या बाकावर बसले. "ती पाटं उठती, भाकरी थापती. तिला वाचता येत न्हाई. तुजी चिट्टी मी तिला वाचून दावतो, लेकाची म्हनून. तू जेवतूस तवर तिच्यापुरतं पोरगं बीडातच हाय." मग विचारलं, "तुजी परीक्षा कवा संपती?"

"एप्रिलात."

"मग तवर जेव."

मी जेवलो. आयुष्यात एवढं अवघड जेवण कधी जेवलो नाही. भाकरी मऊ असायची, मीठ बरोबर असायचं, आणि घास खाली उतरता उतरत नसे. पुण्याला मी दोन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर आलं नाही. एप्रिलात शेवटचा पेपर झाला. डबा घासला, गाडीत ठेवला आणि वळकटी घेऊन मी माझ्या गावची एसटी धरली.

दुसऱ्या दिवशीही ती बाई पहाटे उठली असणार. चुलीपुढे बसलेल्या बायकोला आप्पांनी काय सांगितलं, हे विचारायला मी तलवाड्याला जाणार होतो. अजून गेलेलो नाही.